सोवळ्यातलं वेळापत्रक

१६ जून

कंपनीने नव्या वर्षाला वाटलेली ही डायरी आजपर्यंत कोरीच होती. प्रत्येक पानाच्या तळाला पित्तावरच्या गोळीची जाहिरात आहे. आज राजीनामा दिला आणि त्यांच्याच डायरीत तो लिहून ठेवतोय. फिट्टंफाट झाली.

मी, ढुंढिराज, औषध कंपनीचा प्रतिनिधी, उद्यापासून कोणाचाही प्रतिनिधी नाही. मऊ, बलिया, गाझीपूर, देवरिया करत डॉक्टरांच्या दारात बॅग मांडीवर घेऊन बसण्यात तारुण्य गेलं. ऋता झाली, रांगली, बोलायला लागली, ते सगळं मी मोबाइलवर पाहिलं. सोमवारी निघायचो तेव्हा ती झोपलेली असायची आणि शनिवारी पोचायचो तेव्हाही झोपलेली.

गेल्या महिन्यात तिला शाळेत वडिलांवर पाच ओळी लिहायच्या होत्या. पोरीने एकच लिहिली, "मेरे पापा शनिवार को आते हैं।" बाईंनी विचारलं, बाकीच्या चार कुठे? तर म्हणाली, एवढंच माहीत आहे.

लोकांना मी नोकरी सोडण्याची पुष्कळ कारणं सांगतोय. टार्गेट, साहेब, कंबरदुखी, सगळी खरी आहेत. पण मला फक्त ती ओळ खोटी पाडायची आहे.

बेत पक्का आहे. महाराष्ट्रातून माणसं इथे काशीत पंचगंगा घाटावर तीर्थश्राद्धाला येतात. विधी होतो, पण नंतरच्या ब्राह्मणभोजनाला आपल्या पद्धतीचा सोवळ्यातला स्वयंपाक करणारं माणूस दुर्गाघाटावर आता उरलेलं नाही. माझे वडील जन्मभर हेच करायचे. त्यांच्या हाताखाली मी उडदाच्या वड्यापासून आमसुलाच्या चटणीपर्यंत सगळं शिकलो आहे. घराची खालची खोली रिकामी आहे, तिथे चूल मांडायची. वर घर, खाली धंदा. जिना उतरलो की ऑफिस आणि चढलो की मुलगी. याहून सोपं काय असतं?

२९ जून

पहिली पंगत पार पडली. संगमनेरची मंडळी होती. विश्वेशगुरुजी त्यांना पंचगंगेवरचा विधी आटोपून गल्लीगल्लीतून घेऊन आले. खीर दोनदा मागून घेतली. गुरुजी माझ्या वडिलांच्या वेळचे, सहजासहजी कौतुक करत नाहीत. पान उष्टं न टाकता उठले, तेव्हाच मी समजलो.

वडिलांचा सोवळ्याचा मुकटा ट्रंकेतून काढला. रेशीम अजून चांगलं आहे. कोणाचा हात लागू नये म्हणून ते तो काठीने उंच वलणीवर वाळत घालायचे, ती काठीही सापडली.

आज एक शोध लागला, तो इथे लिहून ठेवतो. सोवळ्यात असताना आपल्याला कोणी शिवत नाही, हे तर लहान पोरालाही माहीत असतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की कोणी कटकटही करत नाही. शेजारचा प्रल्हाद नेहमीसारखा गप्पा हाणायला आला आणि उंबऱ्यावरून परत गेला. बायकोने, बकुळने, गॅसचं पुस्तक शोधायला सांगितलं नाही. फोन हातात धरायचा प्रश्नच नव्हता. सबंध सकाळ मी फक्त स्वयंपाक केला. कंपनी आम्हाला लखनौला नेऊन एकाग्रतेचं शिबिर भरवायची, त्यात जे कधी साधलं नाही ते एका मुकट्याने साधलं.

४ जुलै

स्वतःचा मालक झालेल्या माणसाला वेळापत्रक हवंच. चार रंगांचे स्केचपेन आणले. पहाट म्हणजे स्नान आणि पाणी भरणं, तो निळा. स्वयंपाक आणि पंगत लाल. बाजार, पुढच्या यात्रेकरूंशी बोलणी वगैरे काळा. संध्याकाळ पूर्ण हिरवी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ऋता. रविवार पूर्ण सुट्टी. ऋताला विचारलं, संध्याकाळी काय करायचं? म्हणाली, अहिल्याबाई घाटावर जाऊन पायऱ्यांवर बसायचं आणि नावा मोजायच्या. मंजूर केलं.

बकुळ शाळेतून आली. ती आणि ऋता एकाच शाळेत, एक शिकवायला आणि एक शिकायला. भिंतीवरचा कागद तिने नीट वाचला आणि विचारलं, "माझा रंग कुठला?"

मी म्हटलं, तू तो कागद आहेस, ज्यावर सगळं उभं आहे. उत्तर सुचल्याचा मला आनंद झाला. तिला झालेला दिसला नाही.

१३ जुलै

धंदा वाढतोय. गुरुजींनी माझा नंबर नाशिक-पुण्याकडे कोणाकोणाला दिला आहे आणि फोन नेमके वडे तळताना येतात. उचलला नाही तर माणूस दुसरीकडे जातो, उचलला तर सोवळं जातं.

तोडगा ऋताने काढला. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि खालच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर फोन धरून उभी राहते. फोन वाजला की स्पीकर लावते आणि म्हणते, "नमस्कार. बाबा सोवळ्यात आहेत. बोला, त्यांना ऐकू येतंय." मी कढईपाशी उभा राहून ओरडून उत्तरं देतो. परवा पुण्याच्या एका काकूंनी तिला नाव-गाव विचारलं, तर हिने त्यांना खिरीत वेलची चालते हे सांगून टाकलं.

काम नसलं तरी ती तिथून हलत नाही. फोन छातीशी धरून माझ्याकडे बघत बसते. शाळेत कोणी कोणाला ढकललं, अनिशच्या डब्यात काय होतं, असं काहीबाही हिंदी-मराठी मिसळून सांगत असते. मी हं हं करतो. खेळायला जा म्हटलं तर म्हणते, ड्यूटी आहे. पोरीला धंद्याची जाण आहे, हे माझ्याकडूनच आलेलं दिसतं.

२७ जुलै

आज रविवार, म्हणजे सुट्टी. पण श्रावण सुरू आहे आणि साताऱ्याच्या मंडळींचं परतीचं तिकीट उद्याचं, त्यामुळे एक अपवाद केला. गेल्या रविवारीही एक अपवाद झाला होता. धंद्याच्या पहिल्या वर्षात एवढं चालायचंच.

हिरव्या वेळेचंही थोडं बिघडलं आहे, पण त्याला मी काय करणार? गंगा वर चढली आहे. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली आहेत आणि नावा बांधून ठेवल्या आहेत. म्हणजे कार्यक्रम गंगेनेच रद्द केला. घरी बसून पत्ते खेळू म्हटलं. ऋता पत्ते वाटत होती एवढं आठवतं. उठलो तेव्हा अंगावर चादर होती आणि माझे पत्ते उशीशेजारी नीट रचून ठेवलेले होते. तिने एकटीने दोघांचा डाव खेळला म्हणे, आणि त्यात मी जिंकलो.

८ ऑगस्ट

आजचा दिवस धंद्याच्या इतिहासात लिहून ठेवावा असा आहे. फोन ठेवायला स्टँड आणला. उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसवला आणि कॉल आपोआप उचलून स्पीकर लागेल अशी व्यवस्था फोनमध्ये करून घेतली. चौकातल्या दुकानदाराने चहा संपेपर्यंत सगळं करून दिलं. आता कोणाला उभं राहायची गरज नाही.

ऋता आली तेव्हा तिला सगळं करून दाखवलं. बकुळच्या फोनवरून फोन लावला, तो आपोआप उचलला गेला, मी आतून बोललो. म्हटलं, बघ, आजपासून तुझी ड्यूटी संपली, आता मनसोक्त खेळ. पोर इतकी खूश झाली की काही बोललीच नाही. स्टँडकडे बघितलं, दप्तर उचललं आणि वर गेली.

बालमजुरीतून मुक्त केलं, असं मी बकुळला गमतीने म्हणालो. ती पोळी लाटत होती. तिने पोळी जरा जास्तच जोरात तव्यावर टाकली.

१९ ऑगस्ट

दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

पहिली म्हणजे मी सोवळ्याची वेळ थोडी वाढवली आहे. पंगत उठली की नियमाने मुकटा सोडायला हरकत नसते. पण भांडी आवरून जरा भिंतीला टेकावं म्हटलं, तर मुकटा सोडल्याबरोबर दहा कामं अंगावर येतात. नळाचा माणूस बोलवा, वीजबिल भरा, पद्मामावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. म्हणून मी तो तसाच नेसून खालीच बसतो. उद्याची भाजी निवडतो, नाशिक-पुण्याकडच्या मंडळींशी स्टँडवरून बोलतो. दुपार अशी शांत जाते की विचारू नका. साहेबांच्या केबिनला दार असायचं, माझ्या केबिनला मुकटा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बकुळ. तिला हे कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ती मला शांतपणे म्हणाली, "नोकरीवर होतात तेव्हा निदान परत तरी यायचात."

मी म्हटलं, मी तर घरातच आहे. ती म्हणाली, हो, तेच तर.

मी यावर बराच विचार केला. मी घर सोडून कुठेही जात नाही. बाजारात गेलो तरी चौखंब्यापलीकडे पाऊल टाकत नाही. तरी घरात नाही असं कोणी म्हणत असेल, तर माणसाने करायचं काय? बकुळला शाळेच्या परीक्षांचा ताण असावा. तिचा रंग वेळापत्रकात घालायचा राहिला, तो उद्या घालतो. जांभळा स्केचपेन आणायला हवा.

३० ऑगस्ट

गणपती बसले. घरचा गणपती म्हणून मी तीन दिवस पंगती घेतल्या नाहीत, एवढा मोह मी आवरू शकतो हे बकुळनेही मान्य केलं.

ऋता आता खूप समजूतदार झाली आहे. पूर्वी पायात पायात करायची, आता अजिबात नाही. कुठलीही गोष्ट सांगायची असली की दारात थांबते आणि आधी विचारते, "बाबा, सोवळ्यात आहात?" मी नाही म्हटलं की मग बोलते. काल मी साधा लेंगा-बनियन घालून वर्तमानपत्र वाचत होतो तरीही तिने विचारलं. पाहुण्यांनी एवढं वळण लागलेली पोर बघितली नाही म्हणून तोंडभरून कौतुक केलं.

मात्र आज आरतीच्या वेळी काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तिला वरच्या फळीवरचा शंख हवा होता. मी उचलून घ्यायला हात पुढे केले. ती हातभर अंतरावर थांबली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. मी म्हटलं, अगं ये. ती म्हणाली, "आत्ता चालतं?" मी म्हटलं, चालतं. तोवर बकुळने शंख काढून दिला होता आणि आरती सुरू झाली होती.

बाकी मोदक उत्तम झाले. एकही फुटला नाही.

९ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. आमचा हंगाम. आता अमावास्येपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि मला ते आवडतं. कंपनीत मार्च महिन्यात छातीत धडधडायचं, इथे फक्त कंबर दुखते.

ऋता आज शाळेतून आल्यावर ओसरीवर गुरुजींशेजारी जाऊन बसली. यजमान हातपाय धुवायला गेले होते, गुरुजी पाटावर बसून त्यांची वाट बघत होते. तिने त्यांना सोवळ्यावरून प्रश्नांनी भंडावलं. सोवळ्यातल्या माणसाला माशी शिवली तर? पाऊस शिवला तर? फोनमधून आवाज शिवतो का? गुरुजी मजेत होते, एकेकाचं रीतसर उत्तर देत होते. कढईच्या आवाजात मला सगळं ऐकू आलं नाही. शेवटी गुरुजी म्हणाले, "अरे ढुंढी, तुझी मुलगी शास्त्रार्थ करेल काशीत एक दिवस." मी आतून म्हटलं, करू दे, आपल्या घराण्यात पूर्वी होतेच की शास्त्री.

१४ सप्टेंबर

उकाडा असह्य आहे. ऊन निघालं की पुराचा गाळ वास मारतो, आणि चुलीपाशी माझं अंग नुसतं वितळतं. अशा दिवसांत ऋताने काय मागावं? शाळेचा स्वेटर. बकुळने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही. स्वेटर ट्रंकेत तळाला आहे, दिवाळीनंतर काढू, असं सांगितलं. ती हट्ट करून बसली. कशाला हवा ते मात्र सांगेना.

हल्ली तिचं डोकं कुठे चालतं मला समजत नाही. समजत नाही हे लिहिताना वाईट वाटलं. नोकरीत असताना निदान समजायची अपेक्षा नसायची.

हिरव्या वेळेत आज तिच्याशी बोलायचं ठरवलं होतं. भोपळे आणायला जायला लागलं. परतलो तेव्हा ती झोपली होती.

२० सप्टेंबर

उद्या सर्वपित्री अमावास्या. आजवरचं सगळ्यात मोठं काम. अहिल्यानगरकडची मोठी मंडळी आहेत, सोबत गुरुजींचे ब्राह्मण. ही पंगत नीट झाली तर पुढच्या वर्षाची चिंता नको, असं गुरुजी स्वतः म्हणाले. उडीद भिजत घातले, तांदूळ निवडून ठेवले, आमसुलं पाहिली. मुकटा धुऊन काठीने वलणीवर टाकला. तयारी चोख आहे.

उद्या रविवार आहे याची ऋताने जेवताना आठवण करून दिली. मी म्हटलं, हो, पण उद्याचं तसं नाही ना बाळ. तिने मान हलवली. तसं नाहीच, हे तिला माहीत होतं म्हणे.

२१ सप्टेंबर, संध्याकाळ

हात अजून तेलकट आहेत, पण हे आजच लिहायचं आहे.

दुपारपर्यंत सगळं मनासारखं चाललं होतं. कढी उतरवली, खीर आटली, गवार आणि भोपळा झाला. शेवटचे वडे पानं मांडता मांडता तळायचे म्हणून कढई चढवली. गुरुजी यजमानांना घेऊन पंचगंगेवरून पोचले होते आणि तेही सोवळं नेसून आतल्या दाराशी उभे होते, किती वेळ आहे ते बघायला.

तेवढ्यात उंबऱ्याशी सावली हलली. मी न बघताच म्हटलं, "ऋता, सोवळ्यात आहे."

सावली तिथेच राहिली म्हणून मान वळवली.

ऋता उभी होती. केस ओले आणि चापूनचोपून विंचरलेले. अंगात शाळेचा मरून स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. खाली लोकरीचे पायमोजे, डोक्यावर गेल्या थंडीतली गोंड्याची टोपी. चेहरा लालबुंद झाला होता आणि कपाळावरून घाम गळत होता. मागे जिन्यात बकुळ उभी होती, हातात पंचा घेऊन, आणि माझ्याकडे बघत नव्हती.

ऋता म्हणाली, "बाबा, मी अंघोळ केली आहे. कपडे पण आईने धुतलेत, कोणी छुआ नाही. गुरुजी म्हणाले, ऊनला विटाळ नसतो, लोकरीला. मग मी आता तुम्हाला छू शकते?"

मी काहीतरी बोलणार होतो. काय ते आता आठवत नाही. बहुधा वड्यांबद्दलच.

तिने माझ्या बोलण्याची वाट बघितली नाही, पण धावतही आली नाही. उंबरा ओलांडला, टोपी नीट केली आणि एक बोट पुढे करून माझ्या कोपराला लावलं. लावलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, काही बिघडलं का ते पाहायला. काही बिघडलं नाही असं दिसल्यावर पूर्ण हात ठेवला.

मी खाली बसलो. तिला मांडीवर घेतलं. स्वेटर भट्टीसारखा तापला होता, आतून तिचं काळीज धाडधाड उडत होतं. तिने दोन्ही हातांनी माझी मान अशी धरली की सुटू नये. मला रडू आलं. पाहुणे ओसरीवर, गुरुजी दारात, आणि मी चुलीपुढे बसून रडलो. खोटं कशाला लिहू?

गुरुजी आत आले आणि माझ्या हातून निसटलेला झारा त्यांनी उचलला. म्हणाले, "ढुंढी, वडे जळतील. तू बस, मी बघतो." आणि माझ्या वडिलांच्या वेळचा तो म्हातारा माणूस बाजूला वळून निमूट वडे तळायला लागला.

तेव्हा फोन वाजला. स्टँडने तो आपोआप उचलला. पलीकडून एक बाई विचारायला लागल्या, हॅलो, काशीतलं सोवळ्यातल्या स्वयंपाकाचं हेच ना?

ऋताने माझ्या खांद्यावरून मान वर काढली आणि उंबऱ्याकडे बघून मोठ्याने सांगितलं, "नमस्कार. बाबा सोवळ्यात आहेत. पण आत्ता ते माझ्याजवळ आहेत. नंतर फोन करा."

पंगत उशिरा बसली. जेवणं झाल्यावर यजमान म्हणाले, वडे फार छान झाले होते. मी म्हटलं, ते गुरुजींनी तळले.

२२ सप्टेंबर

आज पंगत नाही. गुरुजींनी एका पंगतीचं विचारलं होतं, त्यांना जमणार नाही असं कळवलं. गुरुजी फोनवर फक्त बरं म्हणाले. मग म्हणाले, तुझे वडील तुला लहानपणी कढईपाशी कसे घेऊन बसायचे आठवतं का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, तुला सोवळ्याची एक जुनी लोकरीची धाबळी गुंडाळायचे, पोतं बांधल्यासारखी, आणि तू सतत रडायचास की टोचते. पण उठायचा नाहीस.

भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. नवं अजून केलेलं नाही. ऋता म्हणते ती करेल, पण तिला सगळे रंग लागतील. स्टँड बकुळला दिला, ती त्याच्यावर फोन ठेवून गाणी ऐकत उत्तरपत्रिका तपासते. शनिवारी-रविवारी पंगत असली तर ऋता आत बसून माझ्याशी गप्पा मारणार आणि फोन वाजला की उठून तीच घेणार, असं ठरलं आहे. बाकीच्या दिवशी पंगत उठली की मुकटा लगेच उतरवायचा. बकुळ म्हणाली, जुन्या रेशमी साडीचं परकर-पोलकं शिवते, नाहीतर पोर उकडून मरेल. ते होईपर्यंत स्वेटर.

म्हणून सकाळी स्वेटर धुवायला घेतला. कॉलरच्या आत एक पट्टी होती, इंग्रजीत बारीक अक्षरं. औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचण्यात जन्म गेला आहे, ही नजरेतून कशी सुटणार? लोकर नव्हतीच. शंभर टक्के ॲक्रिलिक, म्हणजे नुसतं प्लास्टिक.

ऋता जिन्यात बसून बघत होती. म्हणाली, "बाबा, काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "साइज लिहिलाय, बाळ." आणि कात्रीने ती पट्टी मुळापासून कापून टाकली.

मग स्वेटर पिळला, काठी घेतली आणि वर उंच वलणीवर, कोणाचा हात लागणार नाही असा, मुकट्याच्या शेजारी वाळत घातला.